राक्षसभुवन : चकलांब्याच्या शेजारची लढाई कोणाची?

१/ बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. त्याच तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन वसले आहे. बहुतेकांना ते शनिमहाराजांच्या देवस्थानामुळे ठाऊक आहे. परंतु १० ऑगस्ट १७६३ रोजी येथेच पानिपतोत्तर मराठेशाहीचे भवितव्य ठरले.

२/ पानिपताला अवघी अडीच वर्षे लोटली होती. माधवराव पेशवे अठरा वर्षांचे होते. चुलते रघुनाथरावांनी आदल्याच वर्षी निजामाचे साहाय्य घेऊन आळेगाव येथे पुतण्याला नमविले होते. नागपूरकर जानोजी भोसले आणि मिरजेचे गोपाळराव पटवर्धन निजामाला मिळाले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले, जाळले.

३/ या संकटाने चुलता-पुतण्या एकत्र आले. जानोजींनाही परत वळविण्यात आले. पावसाळ्यात निजाम गोदावरी उतरून पलीकडे गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडेच राहिला. मराठ्यांनी नेमका हाच क्षण साधला.

४/ ऐन रणात रघुनाथराव वेढले गेले. तेव्हा ज्या पुतण्याला त्यांनी नजरकैदेत ठेवले होते, तोच ताज्या फौजेनिशी धावून आला. विठ्ठल सुंदर मारला गेला. भरल्या नदीपलीकडून निजामाला काही करता येईना. सप्टेंबरात औरंगाबादचा तह झाला आणि ८२ लाखांचा मुलूख परत देणे त्याला भाग पडले.

५/ आता ही पात्रे पुन्हा पाहा. निजामाचा दिवाण ब्राह्मण. त्याचे साथीदार काही काळ भोसले आणि पटवर्धन. या लढाईला दोन धर्मांचे युद्ध म्हणून सांगायचे, तर अर्धी माणसे वगळावी लागतात. शिवाय बीडचा हा प्रदेश पुढे १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. मग येथील माणसाने ‘आपले’ कोणाला म्हणावे?

६/ म्हणूनच स्थानिक इतिहास मोलाचा आहे. पाठ्यपुस्तकात ही लढाई एका ओळीत संपते. नदीकाठी ती घाट, पूर आणि नात्यांसह सांगता येते. अशी गोष्ट गावातल्या प्रत्येक घराला आपली वाटू शकते, कारण तिच्यात कोणालाही जन्मजात शत्रू ठरवता येत नाही.

७/ आणि ती गावापुरती उरत नाही. त्या वर्षी जळालेल्या पुण्यात आज गेवराईकडची मुले शिकतात, नोकरी करतात. ‘तुमचे गाव कोणते?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे दुष्काळ आणि ऊसतोडीपलीकडचेही उत्तर आहे : तुमचे शहर जळाले, त्याचा हिशेब आमच्या नदीकाठी झाला.

८/ तेव्हा मित्रहो, या वेळी गावी गेलात की वडीलधाऱ्यांपाशी बसा. ते सांगतील ते लिहून घ्या, सनावळीशी ताडून पाहा आणि आख्यायिकेला आख्यायिका म्हणूनच जपा. गाव जोडायचे, तर गोष्ट खरीही असावी आणि सर्वांची असावी.