तंजावूरची छत्रे आणि गुणी मुले

रामेश्वराच्या यात्रेला निघालेला वाटसरू तंजावूरच्या मराठी राज्यात शिरला, म्हणजे त्याला अन्नाची चिंता उरत नसे. भोसले घराण्यातील राजांनी आणि राजस्त्रियांनी या मार्गावर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. तेथे जातपात न पुसता अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे. या अन्नदानाची कीर्ती मोठी होती. परंतु याच छत्रांत विद्यादानाचीही एक व्यवस्था नांदत होती, आणि तिची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही.

या व्यवस्थेचे वर्णन दुसऱ्या सरफोजीराजांच्या एका पत्रात आले आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजाकडे तंजावूरचा किल्ला आणि त्याभोवतीचा थोडा मुलूख एवढेच राहिले. आता छत्रांची उत्पन्नेही जाणार की काय, अशी धास्ती राजांना वाटू लागली. म्हणून १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिले आणि छत्रे अबाधित राहावीत अशी कळकळीची विनंती केली. छत्रांत काय काय चालते, हेही त्यांनी त्यात तपशिलाने सांगितले.

यात्रेकरू वाटेत मरण पावला आणि त्याची मुले पोरकी झाली, तर छत्रातील शिक्षक त्यांना आपल्या देखरेखीखाली घेई. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे, दर चौथ्या दिवशी अभ्यंगस्नान घडे, अंगावर वस्त्र आणि दुखण्याखुपण्यात औषध मिळे. मग, ज्या शास्त्राकडे मुलाचा ओढा दिसेल त्या शास्त्राचे त्याला शिक्षण दिले जाई. त्यात तो तयार झाला, की त्याच्या विवाहाचा खर्चही छत्रातूनच होत असे.

या क्रमातले मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी पोट, मग शरीर, आणि नंतर विद्या. ती विद्यासुद्धा मुलाची आवड पाहून. परक्या मुलखातल्या अनाथ पोराला त्याची आवड विचारणारी ही पाठशाळा होती.

सरफोजीराजांना या व्यवस्थेचे मोल कळले, त्याला त्यांचे स्वतःचे बालपणही कारण असावे. १७७७ मध्ये जन्मलेल्या या मुलाला तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी त्यांचा अंत झाला. गादी अमरसिंगांकडे गेली. मुलगा जवळजवळ बंदिवासात राहिला आणि त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. जर्मन मिशनरी श्वार्त्झ यांनी ही गोष्ट मद्रास सरकारच्या कानी घातली. १७९३ मध्ये मुलाला मद्रासेस हलविण्यात आले आणि तेथे त्याच्या अध्ययनाची नीट सोय झाली. १७९८ मध्ये तो गादीवर बसला, तो ग्रंथ, भाषा, वैद्यक आणि विज्ञान यांचा व्यासंगी म्हणून. एका संधीने काय साधते, हे त्याने स्वतःवरून अनुभवले होते.

पुढे ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळच्या स्मरणार्थ त्यांनी जे छत्र उभारले, त्याला पाठशाळेची जोड होती आणि तेथे निरनिराळ्या भाषा शिकविल्या जात. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी छापखाना निघाला. त्यातून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक बाहेर पडले. सरफोजींच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यरचनेत तर भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क पृथ्वीचा भूगोल वर्णन करते. नेमलेल्या पाठापलीकडचे ज्ञान गाण्यातून आणि नाचातून देण्याची ही युक्ती होती.

या व्यवस्थेला मर्यादाही होत्या. वेदविद्येची दारे सर्वांना खुली नव्हती. शिवाय सारे राजाच्या मर्जीवर अवलंबून होते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि राज्य खालसा झाले. त्यानंतर दोन वर्षांनी मद्रास विद्यापीठ स्थापन झाले. गुणांची पारख आता परीक्षांनी होऊ लागली. परीक्षेपुढे राजाची मर्जी चालत नाही, हा मोठाच लाभ होता. पण त्याची किंमत काय पडू शकते, हे याच जिल्ह्यातल्या एका मुलाने दाखविले.

तंजावूरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर कुंभकोणम आहे. तेथल्या श्रीनिवास रामानुजनने १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळविला. १९०४ मध्ये टाउन हायस्कूलने त्याला गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक दिले. त्याच बळावर शिष्यवृत्ती घेऊन तो कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेला. तेथे गणितावाचून त्याचे चित्त कशातच रमेना. इतर विषयांत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासेच्या पचय्यप्पा कॉलेजातही हीच गत झाली. पदवीवाचून तो वणवण फिरला. नेल्लोरचे जिल्हाधिकारी रामचंद्र राव यांनी त्याला काही काळ पदरचे पैसे दिले. १९१२ मध्ये त्याने बंदराच्या कचेरीत दरमहा ३० रुपयांची कारकुनी धरली. अखेर १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि पुढच्या वर्षी तो केंब्रिजला गेला. तोवर ऐन उमेदीची आठ-नऊ वर्षे खर्ची पडली होती. १९२० मध्ये, वयाची तेहेतीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्याचा मृत्यू झाला.

भारताचा संघ १९८९ पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये उतरतो. तेथे मुलाला गणितच विचारतात. इंग्रजी निबंधात तो कच्चा आहे म्हणून कोणी त्याला परत धाडीत नाही. मुलाचा ओढा पाहून त्याला शिकवावे, हे तंजावूरच्या छत्राचे अर्धे सूत्र अशा स्पर्धांनी उचलले आहे.

मात्र उरलेले अर्धे सूत्रही तितकेच महत्त्वाचे आहे. स्पर्धेच्या दाराशी येऊन पोहोचलेल्या मुलाची बुद्धी स्पर्धेला पारखता येते. जो वाटेतच उपाशी बसला आहे, तो तिला दिसत नाही. छत्र त्याच वाटेवर उभे होते. कोणते मूल कशात निपुण निघेल, हे ठाऊक नसतानाही त्याच्यापुढे आधी पान मांडले जाई, आणि त्याची आवड त्यानंतर विचारली जाई.