आधी उकळी, मग मंद आच

हिंगोली परिसरातल्या जुन्या घरांमधली चूल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या शेजारचा वैलही आठवत असेल. वैल म्हणजे चुलीला जोडून असलेले दुसरे तोंड. तिथे वेगळे सरपण घालत नाहीत. चुलीतली धग आतल्या वाटेने वैलाकडे जाते, तेवढीच त्याची आच.

माझी आई याच भागातली. तिच्या माहेरी तुरीची डाळ किंवा हुलगे शिजवायचे, तर भांडे आधी चुलीवर चढे. खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा भडक जाळ. खळखळून उकळी फुटली आणि वर आलेला फेस काढून टाकला, की भांडे वैलावर सरकवायचे आणि मोकळ्या झालेल्या चुलीवर भाकरीचा तवा टाकायचा. फार वेळ शिजणारे काही असेल, तर वैलाऐवजी गोवरीचा धुमसता आर. तुराटी भडकते आणि विझते; गोवरी सावकाश, पण बराच वेळ जळते. पहिल्या कामाला एक सरपण, दुसऱ्या कामाला दुसरे.

असे का करत असतील? कारण साधे आहे. हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. तिथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंश सेल्सिअसला उकळते. एकदा उकळी आली, की खाली कितीही जाळ घाला, उघड्या भांड्यातल्या पाण्याचे तापमान वाढत नाही. जादा उष्णता फक्त वाफ करण्यात खर्च होते. म्हणजे उकळी आल्यानंतर भांड्यातून जेवढी उष्णता बाहेर जाते, तेवढी भरून काढली की पुरे. सरपण डोक्यावरून वाहून आणणाऱ्या बाईला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

हीच कल्पना जगात अनेकांना, अनेक वेळा सुचली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची एक पेटी मांडलेली होती. उकळते भांडे तिच्यात ठेवून झाकण लावले, की आतल्या उष्णतारोधक अस्तरामुळे अन्न पुढे विस्तवाशिवाय शिजे. आपल्याकडे १९१० मध्ये बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला. उंच नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी थोडा कोळसा. भात, डाळ, भाजी वाफेवर सावकाश शिजत असे.

अमेरिकेत हीच गोष्ट विजेवर आली ती शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांच्यामुळे. त्यांची आई मूळची लिथुआनियातली. ज्यू कुटुंबांत शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, विस्तव पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवड्याच्या बिया, मांस आणि धान्य यांचे भांडे गावातल्या भटारखान्याच्या भट्टीत ठेवले जाई. विझत जाणाऱ्या भट्टीच्या उष्णतेवर ते रात्रभर शिजे. आईकडून ऐकलेल्या या हकिकतीवरून नॅक्सन यांना विजेच्या भांड्याची कल्पना सुचली. १९४० मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे हे भांडे ‘बीनरी’ या नावाने विकले गेले. मुख्य काम बिया शिजवणे, हे नावातच आले. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आणला. सकाळी बिया आणि हॅमचा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा, तुकडा घालून कामावर जावे आणि संध्याकाळी गरम जेवण तयार मिळावे, ही सोय नोकरी करणाऱ्या घरांना फार आवडली.

पंधराएक वर्षांपूर्वी मी संशोधनासाठी परदेशी होतो, तेव्हा असे एक जुने भांडे मलाही मिळाले. हॅमऐवजी कांदा-लसूण घालून मी तांबडा राजमा केला. रात्रभर भिजवलेला राजमा सकाळी गार पाण्यासकट भांड्यात घातला, सर्वांत कमी आच ठेवली आणि प्रयोगशाळेत गेलो. संध्याकाळी आम्ही तिघे मित्र जेवलो. राजमा जरा दाताखाली लागत होता, पण भूक होती. दोन-तीन तासांत तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सांगितले, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, “अरे, पण उकळी फुटली होती का?”

उकळी फुटली नव्हती.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. ते आतड्याच्या आतल्या पेशींना चिकटते आणि त्रास देते. भिजवलेले चार-पाच कच्चे दाणेही आजारी पाडायला पुरतात. तांबड्या राजम्यात हे प्रथिन सर्वांत जास्त. पांढऱ्यात त्याच्या सुमारे एक-तृतीयांश. आपल्या तूर-मुगात ते पुष्कळ कमी असते. खळखळत्या पाण्यात त्याची रचना मोडते आणि ते निकामी होते. पण ८० अंशांच्या आसपास नुसते गरम केले, तर त्याची विषारी क्रिया कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकते, असे आढळले आहे. आणि मंद आचेच्या काही भांड्यांत अन्नाचे तापमान ७५ अंशांच्या पुढे जातच नाही. ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये सुट्टीवर गेलेल्या शाळकरी मुलांचा एक गट भिजवलेला कच्चा राजमा खाऊन आजारी पडला. त्या आणि त्यानंतरच्या घटनांची नोंद १९८० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली, तेव्हा या गोष्टीकडे डॉक्टरांचे लक्ष गेले.

दोष भांड्याचा नव्हता. माझ्या क्रमाचा होता. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मग हवे तर मंद आचेवर ठेवावा. आपल्याकडे १९५९ च्या सुमारास आलेल्या प्रेशर कुकरमध्ये हा प्रश्नच उरत नाही, कारण तिथे दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते.

आता एक विचार करण्याजोगी गोष्ट. राजमा मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय लोकांबरोबर तो इकडे आला. आईच्या माहेरी तो कधी शिजला नाही. तिथला ‘आधी चूल, मग वैल’ हा नियम विषासाठी नव्हता, सरपण वाचवण्यासाठी होता. तरी तो राजम्यालाही लागू पडला असता. म्हणून परंपरेला सगळे ठाऊक होते, असे मात्र म्हणता येणार नाही. चूल होती तोवर उकळी आपोआप फुटे. कारण माहीत नसले तरी चालत होते. साधन बदलले, गार पाण्यापासूनच मंद आच देणे शक्य झाले, आणि तेव्हा कारण माहीत असण्याची गरज पडली.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एकसारखी दोन झाकणाची पातेली घ्या. शिक्षकांनी स्वतः दोन्हींत दोन-दोन लिटर उकळते पाणी ओतावे. एक पातेले गोधडीत घट्ट गुंडाळा, दुसरे तसेच ठेवा. दर अर्ध्या तासाने दोन्हींचे तापमान मोजून आलेख काढा. ८० अंशांच्या वर कोणते किती वेळ टिकले? दुसऱ्या दिवशी दोन लिटरऐवजी अर्धा लिटर पाणी घ्या. गोधडी तीच, पण पाणी लवकर का निवाले? मुलांनाच उत्तर शोधू द्या. आणि घरी आजीला विचारून यायला सांगा: भांडे वैलावर केव्हा सरकवायचे, हे तिला कसे कळत होते?