टायर घेताना नुसता भाव पाहू नका, टायरवरचे आकडे वाचा

शहागड (ता. अंबड) : सकाळी शेताचा कच्चा रस्ता अन् दुपारी धुळे-सोलापूर महामार्ग, इकडच्या चारचाकीला दोन्ही झेपावं लागतं. बांधावर गोटा झालेला टायर फार तर पंक्चर होतो. महामार्गावर तोच फुटला तर घरादारावर बेततं. त्यामुळे स्वस्तातला जुना टायर घेण्याआधी हे पाहा.

साईज : समजा टायरवर १६५/८० आर १४ ८५टी लिहिलंय. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे १४ इंची रिम. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो वजन चालतं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. कंपनीने सांगितलेलीच साईज घ्या. वजन-वेगाची क्षमता कमी नको.

तारीख : ‘डीओटी’च्या ओळीतले शेवटचे ४ आकडे पाहा. १८२४ म्हणजे २०२४ सालचा १८ वा आठवडा. टायर नुसता पडून राहिला तरी रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात.

झीज : खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खोली १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी कायद्याची हीच मर्यादा आहे.

बसवताना
• दोनच नवे घेतले तर ते मागे बसवा. ओल्या रस्त्यावर मागचे टायर घसरले की गाडी गरकन फिरते, मग सावरत नाही.
• ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हही नवा टाका. टायरवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने हवा.
• नट समोरासमोरचे आवळा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

हवा किती?
ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो. टायर थंड असतानाच मोजा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असं बरेच जण सांगतात. ते चुकीचं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते, रबर तापतं आणि टायर फुटतो. महिन्यातून एकदा अन् लांबच्या प्रवासाआधी हवा तपासा. स्टेपनीतलीही विसरू नका.