कुंकू: नाव केशराचं, रंग हळदीचा

तुळजापुरात देवळाकडे जाताना दुतर्फा कुंकवाचे ढीग दिसतात. गेल्या नवरात्रात आजीनं तिथं एक पुडी घेतली. पण मळवट भरायला एक बाई पुढे आली, तेव्हा तिनं पदर कपाळावर ओढला. आजोबांना जाऊन सहा वर्षं झालीत. 'कुंकू' या शब्दाच्या मागे मी लागलो तो त्या दिवसापासून.

संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. अमरकोशात त्याचं एक नावच 'काश्मीरजन्मन्' आहे. अकराव्या शतकात बिल्हण नावाचा काश्मिरी कवी चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी, कल्याणीला आला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या शेजारचं. कविता आणि कुंकुमकेसर ही भावंडं, काश्मीर सोडून ती कुठे उगवलेली पाहिली नाहीत, असं तो लिहून गेलाय. थोडा गावाचा अभिमान आहेच त्यात! पण त्याच्या लेखी कुंकुम म्हणजे फुलातले तंतू, हे नक्की.

आपलं कुंकू हळदीचं. हळकुंडं टाकणखार आणि लिंबाच्या रसात मुरवायची, वाळवायची, दळायची. टाकणखार आणि आंबट रस मिळाला की हळदीचा पिवळा रंग लाल होतो. केशर इथे पिकत नाही, हळद पिकते. मला वाटतं, म्हणूनच मान आणि नाव दोन्ही हळदीकडे आलं.

लाल रंगाच्या नावांचं असं होतंच. लॅटिनमधलं 'मिनियम' आधी हिंगुळाचं, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचं नाव होतं. पुढे ते शिशापासून केलेल्या शेंदराला चिकटलं. त्या रंगानं हस्तलिखितं सजवायचे, त्यावरून 'मिनिएचर' शब्द आला. लहान आकाराचा मुळात काही संबंध नाही.

मराठीनं मात्र हे नाव वस्तूवरून माणसावर नेलं. 'कुंकवाचा धनी' म्हणजे नवरा. तो गेला की कुंकू पुसायचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं ही प्रथा बंद करायचा ठराव केला.

हे सगळं मी आजीला वाचून दाखवलं. "हळदच हाय की मग ती," एवढंच म्हणाली.

ती पुडी आता देव्हाऱ्यात आहे. रोज सकाळी आजी त्यातलं चिमूटभर देवीला लावते आणि बोट पदराला पुसते.