दुहेरी मार्ग आणि एकच पूर : चिपळूणच्या संदर्भात संदेशवहनाचा विचार

चिपळूण हे वाशिष्ठीच्या काठी वसलेले गाव प्राचीन काळापासून कोकण आणि देश यांच्यामधील देवघेवीचे ठाणे म्हणून प्रसिद्ध आहे. गावाच्या पश्चिमेस गोवळकोटचा धक्का व तेथून दाभोळपर्यंत जाणारी खाडी, आणि पूर्वेस कुंभार्ली घाट, अशा दोन वाटांवर येथील व्यापार चाले. या दोन वाटांचे स्वरूप तर भिन्न होतेच. पण त्या बंद पडण्याची कारणेही भिन्न होती, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात समुद्र खवळून गलबतांची ये-जा थांबली, तरी त्यामुळे घाट बंद होत नसे. घाटात दरड कोसळली, तरी त्यामुळे खाडीतील होड्या अडत नसत. एका वाटेवरील संकट दुसरीवर आपोआप येत नसे, यातच त्या दुहेरी व्यवस्थेचे खरे बळ होते.

हाच नियम तारायंत्राच्या इतिहासातही आढळतो. चिपळूणच्या वाचनालयाची, म्हणजे आजच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, स्थापना १८६४ साली झाली. त्याच वर्षी इराणच्या आखातात समुद्राखालून तार टाकण्यात आली आणि १८६५ मध्ये तुर्की प्रदेशातून हिंदुस्थान व इंग्लंड तारेने जोडले गेले. पुढे १८७० साली सीमेन्स बंधूंच्या पुढाकाराने जर्मनी, रशिया व इराण या मार्गे दुसरी तार सुरू झाली. नकाशावर पाहणाऱ्यास हे दोन स्वतंत्र मार्ग वाटत. तथापि तेहरानहून बुशहरला उतरल्यावर या दुसऱ्या मार्गाचे संदेशही त्याच आखाती मार्गाने कराचीकडे येत. यावरून, युरोपात वेगवेगळ्या दिशांनी निघालेले हे दोन मार्ग हिंदुस्थानच्या दारात एकच होत, हे उघड आहे. खरा पर्याय निर्माण झाला तो त्याच वर्षी सुएझ व एडनवरून थेट मुंबईस आलेल्या समुद्री तारेमुळे. कारण तिला ना तुर्की प्रदेशाची गरज होती, ना आखाताची.

सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हा धडा जुना झाला नाही. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन मोठ्या केबली काही तासांच्या अंतराने तुटल्या आणि भारतातील इंटरनेटची क्षमता एकाएकी घटली. केबली दोन होत्या, त्यांचे मालक निराळे होते. परंतु त्या एकाच चिंचोळ्या भागातून गेलेल्या होत्या.

खुद्द चिपळूणला याचा प्रत्यय २२ जुलै २०२१ रोजी आला. खाडीचा व्यापार मागे पडल्यानंतर या गावाच्या दळणवळणाची भिस्त मुंबई–गोवा महामार्गावर आणि १९९८ साली पूर्णत्वास गेलेल्या कोकण रेल्वेवर आली होती. रस्ता व रेल्वे ही दोन साधने खरी. पण दोघांनाही वाशिष्ठी ओलांडावी लागते. अतिवृष्टीने नदीला पूर येताच चिपळूण व कामथे यांच्या दरम्यान रेल्वेगाड्या थांबवाव्या लागल्या आणि महामार्गावरील वाशिष्ठी पुलाची हानी होऊन तेथील वाहतूकही बंद पडली. वीज गेली, दूरध्वनी व भ्रमणध्वनी विस्कळीत झाले, आणि आप्तांची खुशाली कळण्यास मार्ग उरला नाही. एका नदीने एकाच दिवशी दोन्ही वाटा अडविल्या. पूर्वीच्या खाडी व घाट या जोडीत आणि आजच्या रस्ता व रेल्वे या जोडीत जो भेद आहे तो हाच.

संगणकाच्या सर्व्हरला जाळ्याशी दोन दुव्यांनी जोडण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिचे परीक्षण या दृष्टीने करणे उद्बोधक ठरते. सर्व्हरमधील दोन जाळेजोडण्या मिळून एकच जोडणी असल्याप्रमाणे चालविण्याच्या या योजनेस लिनक्स प्रणालीत 'बाँडिंग' म्हणतात. तिच्या एका प्रकारात एक दुवा काम करतो व दुसरा राखीव राहतो. पहिला निकामी होताच दुसरा कार्यभार उचलतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही दुवे एकाच वेळी भार वाहतात. त्यासाठीचा सर्वमान्य मानक २००० साली प्रसिद्ध झाला.

तथापि दोन्ही तारा एकाच स्विचला लावलेल्या असतील, तर त्या स्विचबरोबर दोन्ही दुवे जातात. स्विच दोन असून वीजपुरवठा एकच असेल, तर वीज जाताच दोन्ही मुके होतात. दोन कंपन्यांकडून सेवा घेतली आणि दोघींच्या तारा एकाच चरातून आल्या, तर खोदकामाचा एक घावही पुरेसा होतो. शिवाय दुवा जिवंत आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत केवळ शेजारच्या स्विचपर्यंतच्या तारेची साक्ष देते. त्यापुढचा मार्ग तुटला असला तरी ती 'सर्व ठीक' असेच सांगते. म्हणून दूरच्या एखाद्या पत्त्यावर ठराविक वेळाने विचारणा पाठवून उत्तर येते काय, हे पाहणे अधिक विश्वसनीय होय. आणि ज्या व्यवस्थेतील एक तार कधी मुद्दाम काढून पाहिलेली नाही, ती व्यवस्था संकटात तारील असे कोणी समजू नये.

२०२१ च्या त्याच पुरात चिपळूणच्या वाचन मंदिराच्या ग्रंथसंग्रहाचीही मोठी हानी झाली. एखाद्या दुर्मिळ ग्रंथाच्या दोन प्रती एकाच कपाटात असल्या, तर पुराच्या दृष्टीने ती एकच प्रत असते. दुसरी प्रत दुसऱ्या गावी असेल तरच ती दुसरी. मार्ग, तारा किंवा ग्रंथ किती आहेत, हा प्रश्न गौण आहे. कोणते एक संकट त्या सर्वांना एकदम गाठू शकेल, हाच मुख्य प्रश्न होय, आणि वाशिष्ठीकाठच्या या गावाने त्याचे उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे.