दूधभेसळ प्रतिबंध (महाराष्ट्र)

दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या शुद्धतेचे निकष ठरवून ते मोडणाऱ्यांवर कारवाई करणारी शासकीय व्यवस्था. १ जून १९५५ पासून देशात अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ लागू होता. त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आला. त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आहेत. मानके केंद्रीय प्राधिकरण (एफएसएसएआय) ठरवते. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन (एफडीए) करते.

मानके : दुधाची प्रत फॅट (स्निग्धांश) व एसएनएफ (स्निग्धांशेतर घनपदार्थ) यांवर ठरते. गायीच्या दुधात हे प्रमाण किमान ३.२ व ८.३ टक्के, टोन्ड दुधात ३.० व ८.५, तर फुल क्रीम दुधात ६.० व ९.० टक्के लागते. संकलन केंद्रावर उत्पादकाला दरही याच आकड्यांवर मिळतो आणि भेसळही त्यांच्याच मागे जाते. पाणी मारलेले दूध लॅक्टोमीटरवर उघडे पडते. म्हणून साखर, मीठ किंवा युरिया घालून घनता सावरली जाते. फॅटसाठी खाद्यतेल व ते एकजीव होण्यासाठी डिटर्जंट वापरतात. आंबटपणा सोड्याने दडवतात. युरिया दुधात निसर्गतःच असल्याने त्याला किलोमागे ७०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

तुपातील वनस्पती तूप ओळखण्याची सोय कायद्यानेच केली होती. वनस्पती तुपात तिळाचे तेल घालणे उत्पादकांवर बंधनकारक करण्यात आले. हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुराल घालताच तिळाच्या तेलामुळे मिश्रण लालसर होते (बोदुआँ चाचणी). पाम तेल वा चरबी यात सापडत नाही. त्यासाठी मेदाम्लांचे पृथक्करण करावे लागते.

नमुना : अन्न सुरक्षा अधिकारी विक्रेत्याला नोटीस देऊन नमुना घेतो, त्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतो. दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब टाकतात. विक्रीच्या दुधात मात्र हेच द्रव्य निषिद्ध आहे. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातात. चौथा विक्रेत्याच्या मागणीवरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर ३० दिवसांत अपील करता येते.

शिक्षा : निकषांपेक्षा कमी प्रतीच्या, पण अपायकारक नसलेल्या पदार्थासाठी ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, तो न्यायनिर्णय अधिकारी ठोठावतो. चुकीच्या नावाने किंवा लेबलने विकल्यास दंड ३ लाखांपर्यंत असतो. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेला 'ॲनालॉग' पदार्थ पनीर म्हणून विकता येत नाही. असुरक्षित अन्नासाठी न्यायालयात खटला चालतो. त्यामुळे मृत्यू झाल्यास किमान ७ वर्षे ते जन्मठेप, शिवाय किमान १० लाख रुपये दंड होतो. ५ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वामी अच्युतानंद तीर्थ खटल्यात हा कायदा अधिक परिणामकारकपणे राबविण्याचे निर्देश दिले.

पाहण्या व मर्यादा : प्राधिकरणाच्या २०११ च्या पाहणीत १,७९१ पैकी ६८.४ टक्के नमुने निकषांत बसले नाहीत. २०१८ च्या पाहणीत ६,४३२ पैकी केवळ १२ नमुन्यांत अपायकारक भेसळ आढळली. मात्र ॲफ्लाटॉक्सिन एम१ हे पशुखाद्यातील बुरशीमुळे दुधात उतरणारे विष ठळकपणे पुढे आले. पहिल्या पाहणीत कमी प्रतीचे दूधही अपयशी धरले होते. त्यामुळे दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

अहवाल येईपर्यंत दूध विकले जाऊन संपते, ही अंमलबजावणीतील मुख्य अडचण आहे. म्हणून जागेवरच्या तपासणीवर भर असतो. २०२३ मध्ये राज्य शासनाने अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्या नेमल्या. जप्त केलेले दूध खराब झाल्यास लेखी नोटीस देऊन ते नष्ट करण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे.