फडणीसांची घंटा

मेणवलीच्या घंटेचा आवाज माझ्या हार्ड डिस्कमध्ये सहा महिने हरवला होता. पुसला गेला नव्हता. रेकॉर्डरने दिलेला नुसता क्रमांक मी बदलला नव्हता, एवढेच. नायगावच्या सेटवर चित्रित होणाऱ्या मालिकांना आवाज लावायचे काम मी वसईत घरीच करतो. देवळाचा प्रसंग आला की घंटा हवी, आणि ‘००४७’ म्हणजे घंटा की पाऊस, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. अखेर आठ दिवस बसून एकेक फाइल ऐकली, तपशील भरला आणि रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांचा डेटाबेस बांधला. मग पुढचा अर्धा शब्द टाइप होईतो घंटा पुढ्यात.

वाईजवळच्या कृष्णाकाठची ही पंचधातूची घंटा मूळची चर्चची: अंगावर मेरी आणि बाळ येशू, साल १७०७. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी नेलेल्या घंटांपैकी ती एक, असे मानतात. आणि मेणवलीला वाडा कोणाचा, तर नाना फडणीसांचा. पेशवाईच्या हिशेबी दप्तराचा मुख्य तो फडणीस. इथे माझी ट्यूब पेटली.

सॉफ्टवेअर शोधताना आवाज ऐकत नाही, दर वेळी डिस्कही धुंडाळत नाही. एकदाच सगळ्या फाइली चाळून ते नाव, लांबी, तपशील आणि फाइलचा पत्ता वेगळ्या वहीत उतरवून घेते. पुढे शोध चालतो तो वहीत. पेशव्यांचे कारकून हेच करीत. रोजकीर्दीत नोंदी दिवसाच्या क्रमाने पडत, मग त्याच विषयवार लावून घडणी तयार होई. पुण्याच्या पेशवे दप्तरात दोहोंचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, वेगळे आहेत. दुकानदाराच्या खतावणीचीही हीच रीत. आमच्या आजोबांच्या खतावणीत प्रत्येक रकमेजवळ ‘रो. पा.’ असा बारीक रकाना असे, म्हणजे रोजकीर्दीचे पान. व्यवहाराची हकिगत कीर्दीत, खतावणीत तिचा पत्ता. पान फाटले की पत्ता पोरका. मी फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली की डेटाबेस तिचे नाव दाखवतो, वाजवत मात्र नाही, प्रकार तोच.

आता ‘फडणीस’. एक मत सांगते, फडावर लिहिणारा तो फडणीस. उसाचा फड, तमाशाचा फड, तसा कचेरीचा फड. शब्द घरचा, अर्थ सरळ. दुसरे मत फारसी ‘फर्दनवीस’ सांगते. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, ‘फर्द’ म्हणजे सुटा कागद, यादी. मी फर्दीच्या बाजूचा. ‘र्द’ जाऊन ‘ड’ कुठून आला, असे फडवाले विचारतील. ‘पर्दा’चा ‘पडदा’ झाला, तसाच. ‘फडद-नवीस’मधला ‘द’ पुढच्या ‘न’ने गिळला की ‘फडनवीस’ उरतो, आणि ते रूप आडनावात आजही नांदते आहे. भाऊबंदही पाहा: चिटणीस चिठ्ठ्या लिहितो, पारसनीस फारसी लिहितो; म्हणजे पहिला शब्द काय लिहायचे ते सांगतो. कारखानीस मात्र माझ्याविरुद्ध साक्ष देतो, कारण कारखाना ही जागा. पण एका साक्षीने खटला उलटत नाही. एक बाब, एक फर्द: डेटाबेसमधल्या एका ओळीला याहून चांगले नाव मला सुचत नाही.

अशा शोधवहीच्या कुळावर प्रतिस्पर्धी दावा पॅरिसचा. तिथे सुमारे १२३० मध्ये ह्यू द सँ-शेर याच्या देखरेखीखाली डोमिनिकन साधूंनी बायबलची शब्दसूची केली: शब्द धरा, तो कुठकुठे येतो ते पाहा. संगणकी शोधाचा पणजोबा म्हणून तिचे नाव घेतात. याच पंथाचा मठ १५८३ पासून वसई किल्ल्यात होता. तेव्हा ही विद्या पुण्याआधी वसईत पोचली असणार, हे मी पैजेवर सांगतो. पण बायबल हा पुरा झालेला ग्रंथ. त्यात रोज पानांची भर पडत नाही. माझ्या डिस्कवर पडते, कीर्दीसारखी. म्हणून माझ्या लेखी कूळ खतावणीचेच.

मधले टप्पे ठाऊक आहेत: १९९१ मध्ये वेव्ह फाइल, १९९७ मध्ये युरोपीय प्रसारण संघाने तिला जोडलेली तपशिलाची पट्टी. वर्णनाला जागा २५६ अक्षरांची, तीही रोमी. त्यामुळे ‘घंटा’ मी कधी एका स्पेलिंगने लिहितो, कधी दुसऱ्या. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला ही पंचाईत नव्हती.

परवा ‘वसई’ शोधले. लोकल आली, सुरुची बागेजवळची गाज आली, रविवारची चर्चची घंटा आली. मेणवलीची आली नाही. तिच्या तपशिलात मी वाई आणि कृष्णा एवढेच लिहिले होते. एक शब्द वाढवला, डेटाबेस ताजा केला. फाइल होती तिथेच आहे, घंटाही. नोंद तेवढी वसईच्या खात्यावर चढली.